न विचारणारी गाडी

गुनवोरने टपरीची झडप वर केली तेव्हा चौकात फक्त कबुतरे आणि इतर पक्षांचे लोक होते. दोघांनाही तिने सारखेच ओळखीचे हसू दिले आणि कॉफीचा मोठा थर्मास फळीवर ठेवला.

दर निवडणुकीला तालफोर्स शहराच्या चौकात सगळ्या पक्षांच्या लाकडी टपऱ्या ओळीने उभ्या राहतात. त्यातली लाल आपली, हे गुनवोरच्या घरातल्या मुलांना चालायला लागायच्या आधीच कळते. टपरी तिच्या नवऱ्याने, सिक्स्टेनने बांधलेली, पण आतले राज्य तिचे. पहाटे उठून गुनवोर दालचिनीचे बन भाजते आणि पत्रकापेक्षा बनच जास्त मते मिळवून देतात अशी तिची खात्री आहे. पक्षाने आजवर तिचे म्हणणे खोडून काढलेले नाही.

समोरच्या वाचनालयात आजपासून आगाऊ मतदान सुरू होणार होते. निवडणुकीचा रविवार अजून लांब होता, पण रविवारची वाट आता बघतो कोण? लोक बटाटे आणायला बाहेर पडतात आणि जाता जाता मत टाकून येतात. म्हणजे लढाई आजपासूनच. शिवाय यंदा पक्षाच्या यादीत पहिले नाव गुनवोरच्या लेकीचे, मालिनचे होते. पक्ष जिंकला तर मालिन नगरप्रमुख होणार होती.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला टपरी नव्हती, नुसते घडीचे निळे टेबल होते. त्यावर हाताने रंगवलेली पाटी: नोरब्यू तलाव यादी. टेबल अजून रिकामे होते. ते सिक्स्टेनच्या बहिणीचे, योर्डिसचे, आणि म्हणूनच सिक्स्टेन सकाळपासून तिकडे पाठ करून पक्षाची गाडी पुसत होता. गाडी केव्हाच लख्ख झाली होती.

"रंग निघेल," गुनवोर म्हणाली.

"धूळ आहे."

"धूळ त्या बाजूला जास्त आहे. तिकडून पूस ना, टेबलाच्या बाजूने."

सिक्स्टेनने फडके पिळले आणि तो त्याच बाजूने पुसत राहिला.

जूनमध्ये, मिडसमर या उन्हाळी सणाच्या जेवणात, हेरिंग मासे आणि नवे बटाटे पानात असताना योर्डिसने सगळ्या गोतावळ्यासमोर सांगून टाकले होते की नोरब्यू गावचा पोहण्याचा तलाव बंद करायला निघालेल्या पक्षाविरुद्ध ती स्वतः उभी राहणार. जन्मभर त्याच पक्षाची पत्रके वाटलेली बाई! सिक्स्टेनने काटा खाली ठेवला, आणि तेव्हापासून तो बहिणीशी एक शब्द बोललेला नव्हता. येत्या शनिवारी घरी क्रेफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची, मेजवानी होती आणि आजवर पहिल्यांदाच योर्डिसला बोलावणे गेले नव्हते. गुनवोरला निवडणुकीची धास्ती नव्हती. तिला धास्ती होती निकालानंतरच्या सोमवारची. ज्याची बाजू हरेल तो दुसऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे ती लिहून द्यायला तयार होती. सासऱ्यांपासूनचा तो हट्ट तिने पुरेपूर ओळखला होता. जे काही जुळायचे ते निकालाच्या आत जुळायला हवे होते.

तेवढ्यात गाडीचा फोन वाजला. पक्षाच्या पत्रकावर खाली छापलेले असते: मतदानाला यायला सोय नाही? फोन करा, न्यायला येऊ. तोच हा फोन. गुनवोरने पिठाचा हात एप्रनला पुसून उचलला.

"पक्षाची गाडी, बोला."

"नोरब्यूहून बोलतेय. मतदानाला यायचंय. बस नाही. ती तुमच्याच पक्षाने बंद केली."

"योर्डिस?"

"नाव विचारायची पद्धत कधीपासून सुरू केलीत?"

गुनवोरने हसू दाबले आणि नवऱ्याकडे पाठ केली. "बरं बाई, नाही विचारत. कितीजणी आहात?"

"पाण्यातल्या व्यायामाचा अख्खा वर्ग. गाडीत मावतील तितक्या. केस वाळेपर्यंत ये म्हणावं."

"कोणाला म्हणू?"

"ड्रायव्हरला," योर्डिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मालिनचा नवरा येस्पर हा या प्रचाराचा सेनापती. कानात फोनचे यंत्र खुपसून तो मघापासून चौकात येरझाऱ्या घालत होता, आणि जो भेटेल त्याला आजच मत देऊन टाका म्हणून सांगत होता. गुनवोरने निरोप सांगितला तसे त्याने कानातले यंत्र काढून हातात घेतले.

"गाडी भरलीय म्हणून सांग."

"गाडी तुझ्या नाकासमोर रिकामी उभी आहे."

"मग पंक्चर म्हण. गुनवोर, अगं त्या सगळ्या तलाववाल्या आहेत! एकूण एक! आपल्या गाडीने, आपल्या पेट्रोलने, आपल्याच विरुद्धची मतं आपण आणायची?"

"आणायची."

"गेल्या वेळी आपण किती थोडक्यात निसटलो, आठवतंय ना? नोरब्यू गेलं की पालिका गेली. मालिन गेली!"

"येस्पर, तू या घरात उशिरा आलास म्हणून सांगते," गुनवोर म्हणाली. "पक्षाची गाडी विचारत नाही. माझ्या सासऱ्यांनी घातलेला नियम आहे."

सासरे म्हणजे आलरिक, सिक्स्टेन आणि योर्डिसचे वडील. लाकडाच्या गिरणीचा ट्रक ते निवडणुकीच्या दिवशी मागून घ्यायचे आणि जंगलातल्या वस्त्यांवरून कामगारांना मतदानाला आणायचे. एकदा त्यांनी गिरणीच्या व्यवस्थापकाच्या बायकोलाही पुढच्या सीटवर बसवून आणले. कामगारांनी भर रस्त्यात आरडाओरडा केला, की ही तर आपल्या विरुद्ध मत देणार. आलरिक म्हणाले, बाई रस्त्यात उभी होती आणि पाऊस होता. एवढेच. त्यानंतर कोणी काही बोलले नाही आणि त्याचाच पुढे नियम झाला. गाडीत बसणाऱ्याला कोणाला मत देणार हे विचारायचे नाही, आणि गाडीत राजकारणाचा शब्द काढायचा नाही.

येस्परने आशेने स्वतःच्या सासऱ्याकडे पाहिले. "सिक्स्टेन, तूच सांग आता."

सिक्स्टेनने फडके बादलीत टाकले. "नियम तो नियम. गाडी जाईल."

"झालं! मग जा तू."

"गाडी जाईल म्हणालो. मी जाईन असं कुठे म्हणालो?"

त्याने खिशातून किल्ली काढून टपरीच्या फळीवर ठेवली आणि तो कॉफीचे कागदी पेले एकात एक घालू लागला. ते आधीच एकात एक घातलेले होते.

मालिन आली ती वर्तमानपत्रवाल्याला मुलाखत देऊन, गालावर पावडर तशीच. येस्परने तिला सगळा प्रकार एका दमात ऐकवला. मालिनने आईकडे बघितले, बापाच्या पाठीकडे बघितले, आणि किल्ली उचलली.

"तू?" येस्पर ओरडलाच. "यादीतलं पहिलं नाव विरोधकांना मतदानाला घेऊन येणार? पेपरवाला अजून चौकातच आहे!"

"मग फोटो चांगला काढ म्हणावं. डावीकडून."

"मालिन, मी सहा आठवडे—"

"येस्पर," मालिन म्हणाली, "पोहायला कोणी शिकवलं मला?"

गुनवोरने येस्परच्या हातात बन दिला. तोंड भरलेले असले की जावई जरा बरा वागतो, असा तिचा अनुभव होता.

*

नोरब्यूचा रस्ता जंगलातून जातो. लहानपणी दर शनिवारी याच रस्त्याने आत्या मालिनला तलावावर न्यायची. त्याच मालिनने वसंतात सभागृहात तलाव बंद करण्याच्या बाजूने हात वर केला होता. छप्पर गळत होते, दुरुस्ती पालिकेच्या आवाक्यात नव्हती, शहरात नवा तलाव बांधायचे ठरले होते. सगळे मुद्दे बरोबर होते. तरीही हात वर करताना तिला स्वतःची लाज वाटली होती, आणि हे तिने येस्परलाही सांगितले नव्हते.

तलावाच्या दारात बायका तयारच होत्या. लालबुंद गाल, खांद्यावर टॉवेल, आणि मोकळ्या हवेतसुद्धा लपत नसलेला क्लोरीनचा वास.

"अगं बाई! खुद्द नगरप्रमुख न्यायला आल्या!" माय-ब्रित म्हणाली. ही जुनी सुईण. निम्मे तालफोर्स तिच्या हातावर जन्मले, आणि त्यामुळे कोणालाही काहीही बोलायचा आपल्याला हक्क आहे असे ती धरून चालते.

"अजून झालेली नाही, माय-ब्रित."

"होणारही नाहीस. आम्ही निघालोच आहोत ना!"

गाडीभर हशा उसळला. मालिनलाही हसू आवरले नाही. योर्डिस शेवटी चढली ती सरळ पुढे येऊन मालिनच्या शेजारी बसली. उंच, ताठ बाई. बसल्या बसल्या तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिले.

"ऐका. पक्षाच्या गाडीत राजकारण नाही. आमच्या बापाचा नियम आहे. जिला बोलायचंय तिने चालत यावं."

"मग बोलायचं काय?" सीव नावाच्या बारक्या बाईने विचारले.

"हवापाण्याचं बोला."

"हवा छान आहे," सीव म्हणाली. मग थोडे थांबून, "पाणीही छानच होतं आज. अजून आहे तोवर."

"सीव!"

"मी पाण्याचंच बोलतेय! तूच म्हणालीस!"

"छपराबद्दल बोललं तर चालेल का?" माय-ब्रितने विचारले. "म्हणजे माझ्या घरच्या?"

"तुझ्या घरचं छप्पर कौलारू आहे आणि ठणठणीत आहे. गप्प बस."

मग विषय अळंब्यांवर गेला. यंदा पाऊस वेळेवर झाला होता आणि जंगलात पिवळ्या चँटरेल अळंब्या भरपूर आल्या होत्या. कोणी किती आणल्या, लोण्यात कशा परतल्या, हे सगळे निघाले. मालिनने आरशात बघत विचारले, "कुठे मिळाल्या इतक्या?" आणि गाडी एकदम चिडीचूप झाली. मत कोणाला देणार हे या बायका चौकात उभ्या राहून ओरडून सांगतील, पण अळंबीची जागा त्या स्वतःच्या नवऱ्यालाही सांगत नाहीत.

"विरोधी पक्ष परवडला, पण ही पोरगी भलतंच विचारते," माय-ब्रित म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

त्या गलक्यात योर्डिस हळूच म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

"माझा? बरा आहे."

"तुझा कोण विचारतंय. ड्रायव्हरचा."

"सुजतो. पाण्यात उतरायचा बंद झालाय ना बाबा. जूनपासून."

"मूर्ख आहे. भांडण माझ्याशी आणि शिक्षा गुडघ्याला." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आणि गुनवोर? तीही येत नाही वर्गाला."

"बाबा घरी बसतो म्हणून तीही बसते. घरात नुसती चिडचिड करते. आत्या, एक विचारू? तू माझ्यावर रागावलीयेस?"

योर्डिसने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिले. "तुझ्यावर? छे गं. तुला पाडणार आहे मी. रागावलेली नाहीये."

"बाबाला यातला फरक कळत नाही."

"त्याला कळतो. कळलंय हे दाखवता येत नाही. आमच्या बापालाही येत नव्हतं."

"आत्या, सभागृहात मी हात वर केला ना, तेव्हा—"

"गाडीत राजकारण नको," योर्डिस म्हणाली. पण तिने आपला ओलसर, सुरकुतलेला हात गिअरवरच्या मालिनच्या हातावर ठेवला, आणि शहर लागेपर्यंत तो तिथून हलवला नाही. त्यामुळे मालिन सगळा रस्ता तिसऱ्याच गिअरमध्ये चालवत होती.

*

गाडी चौकात शिरलेली सिक्स्टेनने आवाजावरून ओळखली. तिसऱ्या गिअरमध्ये एवढी का बोंबलतेय, असे त्याच्या मनात आले, पण तो वळला नाही.

बहिणीचा राग आला होता हे खरे, पण खरे दुखणे वेगळेच होते. तिने आपल्याला आधी सांगितले नव्हते. सगळ्यांना जेव्हा कळले तेव्हाच आपल्याला कळले, शेजारच्या पाहुण्यांसोबत, हेरिंग खाताना. लहानपणी दात पडला तरी ती सगळ्यांत आधी त्याच्याकडे धावत यायची. हे तो गुनवोरजवळही बोललेला नव्हता, कारण बोलायला लागलो तर रडू फुटेल अशी त्याला भीती वाटत होती.

बायका रांगेने वाचनालयात गेल्या आणि एकेक करून बाहेर आल्या. आता त्यांनी आपल्या यादीच्या निळ्या टेबलाशी जायला हवे होते. पण तिथे त्यांनीच आणून ठेवलेले पातळ सरबत आणि कोरडी बिस्किटे होती, आणि इकडे गुनवोरचे बन होते. बघता बघता लाल टपरीपुढे तलाववाल्यांची गर्दी झाली.

"मत तिकडे आणि तोंड इकडे," येस्पर पुटपुटला.

"तूही खाल्लास ना?" गुनवोर म्हणाली. "मग खाऊ दे त्यांना."

माय-ब्रित सर्वांत शेवटी आली आणि तिने सरळ सिक्स्टेनच्या जॅकेटची बाही धरली. पाठीवर पक्षाचे नाव छापलेले ते लाल जॅकेट.

"आत चल. तुला बोलावलंय. योर्डिसने ओळखपत्र आणलेलं नाही."

"मग घरी जाऊन आणावं."

"इतक्या लांब? ओळखणाऱ्या माणसाने स्वतःचं ओळखपत्र दाखवून हमी दिली की चालतं, असं आत टेबलावर बसलेली पोरगी म्हणतेय."

"तू दे की. शाळेपासून ओळखतेस."

"मी म्हटलं, सीव म्हणाली, सगळ्याजणी म्हणाल्या. पण तुझी बहीण म्हणते, यांनी मला जन्मभर पोहायच्या टोपीतच पाहिलंय, यांच्या शब्दाला काय किंमत? बाहेर माझा भाऊ आहे, त्याला विचारा."

सिक्स्टेन जागचा हलला नाही. येस्परने तोंड उघडले आणि मालिनने त्याच्या पायावर पाय दिला. गुनवोरने चिमटा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघून ती एवढेच म्हणाली, "जा."

वाचनालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईने हात आडवा केला. "सिक्स्टेन, जॅकेट."

"मी मत द्यायला आलेलो नाही."

"कशालाही आला असशील. पक्षाचं नाव अंगावर घेऊन आत जायचं नाही, तुला काय नव्याने सांगायचं?"

त्याने जॅकेट काढले. ठेवायला जागा दिसेना म्हणून सायकलींच्या कठड्यावर टाकले आणि तो चौकडीच्या सदऱ्यात आत गेला. जॅकेटशिवाय त्याला या चौकात कोणी पाहिले नव्हते. तो एकदम बारीक दिसत होता.

टेबलामागे तरुण मुलगी होती आणि टेबलापुढे योर्डिस, हँडबॅग काखेत घट्ट धरून.

"यांच्याकडे ओळखपत्र नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही यांना ओळखता?"

सिक्स्टेनने गाडी चालवायचा परवाना टेबलावर ठेवला. "ओळखतो."

"कसे?"

"बहीण आहे माझी."

किती दिवसांनी त्याने हा शब्द उच्चारला होता! स्वतःच्याच आवाजाने तो गडबडला. मुलीने परवाना उलटसुलट पाहिला. "नक्की त्याच ना?"

"नक्की म्हणजे काय? इतकी हट्टी बाई दुसरी असती तर निम्मं शहर गाव सोडून गेलं असतं."

"हट्टी कोण?" योर्डिस म्हणाली.

"तू."

"मी? आणि दोन महिने तोंडाला कुलूप घालून कोण बसलंय?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

ते त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडले, आणि मोठ्याने. मासिके चाळणारी माणसे वर बघू लागली. पडद्यामागे मतपत्रिका निवडणारा कोणीतरी खाकरला. योर्डिसचा ताठपणा एका क्षणात गेला.

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

"आणि तू नको म्हणालास की माझ्याच्याने काही होत नाही, सिक्स्टेन. लहानपणापासून नाही होत. म्हणून सगळ्यांसमोर बोलले. एकट्या तुझ्यासमोर मला धीरच झाला नसता."

ही बाई, जिला अख्खी पालिका टरकून असते, ती आपल्याला घाबरत होती? त्याने खिशात रुमाल शोधला. तो जॅकेटच्या खिशात राहिला होता, म्हणून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"मी हमी धरू का?" मुलीने भीत भीत विचारले.

"धर," दोघे एकदमच म्हणाले.

योर्डिस पडद्यामागे गेली. जाताना तिच्या काखेतली बॅग त्याला जवळून दिसली, आणि बॅगेच्या कप्प्यात फुगलेले पाकीटही. पत्रपेटीपर्यंत जायचे झाले तरी योर्डिस पाकीट घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. ओळखपत्रही त्यातच असते. त्याने काही विचारले नाही.

पडद्यामागे ती कोणत्या यादीची पांढरी मतपत्रिका उचलतेय हेही त्याला ठाऊक होते. आपण आत्ता हमी दिली ती आपल्याच लेकीच्या विरुद्धच्या मताला. याचे वाईट वाटायला हवे होते. त्याने वाट पाहिली, पण वाटले नाही. कितीतरी दिवसांनी छातीवरचे काहीतरी उतरले होते, आणि गुडघासुद्धा दुखत नव्हता.

*

दोघे बाहेर आले तेव्हा सगळा चौक आपापले काम करत असल्याचे नाटक करत होता. गुनवोर तर आधीच भरलेला पेला भरत होती, आणि कॉफी फळीवरून खाली ओघळत होती.

"कॉफी मिळेल का?" योर्डिसने विचारले. "की फक्त पक्षाच्या लोकांना?"

"आज पक्षाच्या लोकांना एक थेंब मिळालेला नाही," गुनवोर म्हणाली. "सगळी तुमच्याच बायकांनी प्यायली." तिने फळीवरून वाकून नणंदेला जवळ ओढले आणि ती तिच्या कानाशी म्हणाली, "शनिवारी ये. आणि तलावाचा वर्ग सोमवारीही असतो ना अजून?"

"असतो. पण तुझ्या पक्षाला चालेल?"

"पक्ष पाण्यात येत नाही."

सिक्स्टेन मालिनपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. "किल्ली."

"कुठे निघालास, बाबा?"

"नोरब्यूत अजून माणसं राहिलीत. तो एडविन म्हातारा आहे, शाळेत स्वयंपाक करायची ती आहे, नदीपलीकडच्या दोन बहिणी आहेत. बसने येता येत नाही त्यांना. बस आपणच बंद केलीय."

"सिक्स्टेन!" येस्परने डोक्याला हात लावला. "त्यातलं एकही मत आपलं नाही!"

"मी विचारलेलं नाही."

"मालिन पडेल!"

आता सिक्स्टेन थांबला. त्याने लेकीकडे पाहिले, आणि त्या बघण्यात माफीही होती आणि प्रश्नही. मालिनला पालिका हवी होती. फार हवी होती, लहानपणापासून ती याच टपरीखाली खेळली होती. पण बापाचा असा चेहरा तिने जूनपासून पाहिला नव्हता. तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटली. योर्डिस केव्हाच गाडीकडे निघाली होती.

"सावकाश चालव. आणि आत्याचा हात गिअरवर येऊ देऊ नकोस."

मग ती नवऱ्याकडे वळली. "चल, ऊठ. आपली किती माणसं अजून घरात बसलीयेत? तू फोन लाव, मी सायकलवरून स्टेशनच्या बाजूची घरं करते. आत्या जितकी आणेल त्याहून एक जास्त आणायचं, एवढंच."

"एक?"

"एकाने जिंकलं तरी जिंकलंच असतं, येस्पर."

सायकल काढताना तिने कठड्यावरचे लाल जॅकेट आईकडे फेकले. गुनवोरने ते झेलले आणि ती गाडीमागे दोन पावले धावली. "अरे, जॅकेट! सिक्स्टेन! बाहेर गार आहे!"

त्याने ऐकले नाही. गाडी वाचनालयाला वळसा घालून तिच्या समोरून गेली. काचेआड सिक्स्टेन एक हात हवेत नाचवत योर्डिसला काहीतरी पटवून देत होता, आणि त्याच वेळी योर्डिस बोट नाचवत त्याला भलतेच काहीतरी पटवून देत होती. ऐकत दोघेही नव्हते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी गुनवोर जॅकेट छातीशी धरून उभी होती. मग ती टपरीत परतली आणि तिने हिरमुसल्या येस्परपुढे न मागता दोन बन ठेवले, वरून भरपूर साखर घातलेले.